'नेचर' म्हणजे निसर्ग नव्हे

गेल्या उन्हाळ्यात एम. ए.च्या पाश्चात्त्य साहित्यशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना एका उत्तरापाशी मी थबकले. प्रश्न पोपच्या समीक्षाविचारावर होता. परीक्षार्थीने (अक्षर सुरेख, शुद्धलेखन बिनचूक) लिहिले होते की, पोप हा निसर्गप्रेमी कवी होता. कवीने शहरी जीवनापासून दूर जाऊन निसर्गाच्या सान्निध्यात राहावे, त्याचे सूक्ष्म निरीक्षण करावे आणि मगच लेखणी उचलावी, असा उपदेश त्याने १७११ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅन एसे ऑन क्रिटिसिझम'मध्ये केला. आणि अशा रीतीने पोप हा वर्ड्‌स्वर्थचा पूर्वसूरी ठरतो. पंधरापैकी मी पाच गुण दिले. फेरतपासणी करणाऱ्या सहकाऱ्यांनी त्यांचे नऊ केले. मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी प्रश्नपत्रिकेसोबत आलेले नमुना-उत्तर काढून माझ्यापुढे ठेवले. त्यात हेच होते. 'पोप : निसर्गाचे अनुकरण' असे उपशीर्षक होते आणि त्याखाली चार मुद्दे. परीक्षार्थीने चारही लिहिले होते. म्हणजे खरे तर नऊ गुण कमीच झाले.

त्या परीक्षार्थीला हसण्यासाठी मी हे सांगत नाही. त्याने मराठी वाचले आणि मराठीचा जो अर्थ होतो तोच घेतला. 'निसर्गाचे अनुसरण करा' हे वाक्य आज कोणाही मराठी माणसासमोर ठेवा. त्याच्या डोळ्यांपुढे सह्याद्री उभा राहील, धबधबा पडू लागेल. दोष आहे तो वर्षानुवर्षे 'नेचर' या इंग्रजी शब्दासमोर 'निसर्ग' हा एकच शब्द ठोकून ठेवणाऱ्यांचा. म्हणजे गाइडवाल्यांचा, पाठ्यपुस्तकवाल्यांचा आणि वर्गात फळ्यासमोर उभे राहून तोच शब्द उच्चारणाऱ्या आपल्या सर्वांचा. या एका प्रतिशब्दाने आपण अ‍ॅरिस्टॉटलपासून झोलापर्यंतचे सगळे समीक्षाशास्त्र झाडाफुलांत बुडवून टाकले आहे आणि आपल्याला त्याची खंतही वाटत नाही, हे माझे म्हणणे आहे. ते जरा कठोर वाटेल. पण पुढे पाहा.

पोपने कवीला आणि समीक्षकाला 'नेचर'च्या मागे जायला सांगितले हे खरे. पण लगेच पुढे तो सांगतो की, प्राचीनांनी घालून दिलेले काव्याचे नियम म्हणजे दुसरेतिसरे काही नसून पद्धतशीर मांडलेले 'नेचर'च होय. त्याच्याही पुढे जाऊन तो म्हणतो की, तरुण व्हर्जिलला आपल्याला कोणाचे नियम नकोत, केवळ 'नेचर' हवे असे वाटत होते. पण बारकाईने पाहिल्यावर त्याला 'नेचर' आणि होमर एकच असल्याचे आढळले. आता येथे 'निसर्ग' घालून पाहा. निसर्ग आणि होमर एकच! होमर काय डोंगर होता? पोपच्या लेखी 'नेचर' म्हणजे विश्वात आणि मानवी बुद्धीत सर्वत्र आणि सर्वकाळ सारखीच असणारी सुव्यवस्था; जे लहरी नाही, विक्षिप्त नाही, एखाद्या काळापुरते किंवा गावापुरते नाही ते. म्हणून ते नियमांत बसते, आणि म्हणूनच ते होमरमध्ये सापडते. पोपला बागेचा शौक होता हे मान्य. ट्विकनहॅमची त्याची बाग आणि त्यातली गुहा पुढे प्रसिद्धच झाली. पण तो तेथे राहायला गेला १७१९ साली, आणि समीक्षेवरच्या त्या काव्यात त्या बागेचे पानही हलत नाही.

तीच गोष्ट डॉ. जॉन्सनची. शेक्सपिअरच्या नाटकांना १७६५ साली जोडलेल्या प्रस्तावनेत तो शेक्सपिअरची थोरवी 'नेचर'चा कवी म्हणून सांगतो आणि त्या शब्दाआधी 'सामान्य' या अर्थाचे विशेषण लावतो. हा 'सामान्य निसर्ग' म्हणजे काय, असा प्रश्न आमच्या एका वर्गात निघाला होता, आणि एका हुशार मुलाने 'म्हणजे फार सुंदर नसलेला निसर्ग, साधा माळरानासारखा' असे उत्तर दिले होते. आपल्या मराठीने त्याला दुसरे काही सुचूच दिले नव्हते. जॉन्सनला अभिप्रेत होता तो सर्व माणसांत समान असणारा मनुष्यस्वभाव. १७५९च्या 'रासेलस'मध्ये त्याने इम्लॅक या पात्राच्या तोंडून सांगितलेच आहे की, ट्युलिपच्या पाकळीवर किती रेषा आहेत हे मोजत बसणे हे कवीचे काम नव्हे. म्हणजे आपण ज्याला निसर्गाचे सूक्ष्म निरीक्षण म्हणतो, नेमके तेच करू नका असे हा माणूस सांगत होता!

याच 'रासेलस'मध्ये आणखी एक गंमत आहे. एका सभेत एक तत्त्ववेत्ता 'नेचरप्रमाणे जगा, सुखी व्हाल' असा उपदेश करतो. राजपुत्र नम्रपणे विचारतो, महाराज, नेचरप्रमाणे जगणे म्हणजे नेमके काय करणे? त्यावर तो तत्त्ववेत्ता असे काही लांबलचक, गोलगोल वाक्य फेकतो की, राजपुत्राच्या लक्षात येते, हा अशा ज्ञान्यांपैकी आहे ज्यांचे जितके जास्त ऐकावे तितके कमी कळते. म्हणजे हा शब्द मोठे गूढ तत्त्व सांगितल्याचा आव आणून काहीच न सांगण्यासाठी वापरता येतो, हे अठराव्या शतकातल्या इंग्रजांना पुरते ठाऊक होते. त्याच्याही आधी, १६८६ साली, रसायनशास्त्राचा एक पाया घालणाऱ्या रॉबर्ट बॉइलने या एका शब्दावर अख्खे पुस्तक लिहिले, त्याचे आठ अर्थ वेगळे केले आणि प्रत्येकासाठी दुसरा नेमका शब्द वापरून हा शब्द जमेल तेथे टाळावा असे सुचवले. कोणी ऐकले नाही, हे सांगायला नको. १९३५ साली लव्हजॉय आणि बोआस या अभ्यासकांनी प्राचीन काळातील आदिमतेच्या कल्पनांवरील ग्रंथाच्या परिशिष्टात मोजले तेव्हा हे अर्थ सहासष्ट भरले. सी. एस. लुइसने १९६० साली आपल्या शब्दविषयक पुस्तकात या शब्दाला एक दीर्घ प्रकरण दिले. १९७६ साली रेमंड विल्यम्सने संस्कृतीविषयक कळीच्या शब्दांचा जो कोश केला, त्यात त्याने हा बहुधा इंग्रजी भाषेतला सर्वांत गुंतागुंतीचा शब्द असावा असे मत दिले. त्यांच्याकडे सहासष्ट, आपल्याकडे एक.

सहासष्ट पाठ करण्याची गरज नाही. विल्यम्सने तीन मुख्य गट केले आहेत आणि वर्गासाठी ते पुरेसे आहेत. एखाद्या वस्तूचा किंवा माणसाचा अंगभूत गुण, हा पहिला. जगाला किंवा माणसांना आतून चालवणारी शक्ती, हा दुसरा. आणि प्रत्यक्ष भौतिक जग (त्यात माणूस धरून किंवा वगळून), हा तिसरा. शब्दाचे मूळ लॅटिन 'नातूरा', आणि त्याच्या मुळाशी 'जन्मणे' हा धातू; ज्याच्याबरोबर जे जन्मते ते त्याचे 'नातूरा'. म्हणजे मुळातला अर्थ आपल्या 'सहज' या शब्दाच्या फार जवळचा आहे. सह-ज, बरोबर जन्मलेले. झाडेझुडपे आली ती फार उशिरा.

आता आपल्या 'निसर्ग'कडे वळू. कारण मला सर्वांत मौज येथे वाटते. हा शब्द मुळात इतका दरिद्री नाही. अमरकोश उघडून पाहा. संसिद्धी, प्रकृती, स्वरूप, स्वभाव आणि निसर्ग हे सारे तेथे एका रांगेत, एकमेकांचे पर्याय म्हणून बसले आहेत. संस्कृतात निसर्ग म्हणजे स्वभाव. 'निसर्गतः', 'निसर्गदत्त', 'निसर्गसिद्ध' या शब्दांत तो अर्थ मराठीतही अजून टिकून आहे. 'तिला गळा निसर्गदत्त आहे' असे म्हणताना कोणी जंगलाचा विचार करत नाही. म्हणजे ज्या पंडितांनी प्रथम 'नेचर'ला 'निसर्ग' केले, त्यांनी काही चूक केली असे मला वाटत नाही. त्यांच्या कानात संस्कृत शब्दाचा पूर्ण नाद होता. पुढे रोमँटिक कविता आली, तिच्या वळणाची आपली कविता आली, शालेय पुस्तकांत 'निसर्गवर्णन' नावाचा निबंधप्रकार आला, सहली आल्या, 'निसर्गरम्य परिसरात प्लॉट' आले, आणि नाम म्हणून 'निसर्ग' हळूहळू देखाव्यापुरता उरला. शब्द आकसला, पण समीक्षेच्या पुस्तकांतली जुनी समीकरणे तशीच राहिली. नाणे झिजून त्याची किंमत उतरली तरी आपण त्याच भावाने व्यवहार करत राहिलो.

(जाता जाता : याच आकसलेल्या शब्दाने बालकवींचेही नुकसान केले. 'निसर्गकवी' हा शिक्का एकदा बसला की, त्यांच्या कवितेतली उदासी, तिच्यातली पोकळी ही सारी पार्श्वभूमी ठरते आणि पाने-फुले मुख्य विषय होतात. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

'निसर्ग' नको तर 'प्रकृती' घ्या, हिंदीत तोच रूढ आहे, असे काही जण सुचवतात. घ्या ना! पण 'प्रकृती कशी आहे?' या प्रश्नाला मराठीत 'जरा सर्दी आहे' असे उत्तर येते. सांख्यांची प्रकृती पुरुषासमोर उभी; आयुर्वेदाची वात-पित्त-कफांत विभागलेली; वैयाकरणांची प्रत्ययाची वाट पाहणारी; आणि जुन्या राजनीतीत तर प्रकृती म्हणजे प्रजा आणि अमात्य. हे मी 'प्रकृती'ला नाकारण्यासाठी सांगत नाही. 'इंग्रजी ही मुळातच गोंधळाची भाषा, आमची संस्कृतोद्भव भाषा कशी काटेकोर' असा जो एक सूर आपल्या परिसंवादांत हमखास लागतो, त्याच्यासाठी सांगते आहे. मोठे शब्द सर्वच भाषांत असेच वागतात. त्यांत अनेक काळांचे विचार एकावर एक साचलेले असतात, आणि शब्द एकच राहिल्यामुळे ते एकमेकांत झिरपतात. आपल्या काव्यशास्त्राला हे माहीत होते. 'जसे आहे तसे' वर्णन करण्याला दंडीने 'स्वभावोक्ती' म्हटले आणि तिला अलंकारांत पहिला मान दिला. कुंतकाने विचारले की, स्वभाव हाच जर वर्ण्य विषय, तर तो अलंकार कसा होईल? या वादात 'स्वभाव' या शब्दाचा कोणता अर्थ कोण घेतो यावरच सारे अवलंबून आहे. तो वाद आपण चवीने शिकवतो. मग 'नेचर'च्या बाबतीत एवढा आळस का?

या आळसाची फळे किती दूरवर पोचली आहेत ते पाहा. 'कला म्हणजे निसर्गाचे अनुकरण, असे अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो,' हे वाक्य महाराष्ट्रातला साहित्याचा प्रत्येक विद्यार्थी कधी ना कधी लिहितो. यातला 'अ‍ॅरिस्टॉटल' सोडला तर उरलेले तिन्ही शब्द दिशाभूल करणारे आहेत. 'पोएटिक्स'मध्ये शोकात्मिका हे कृतीचे अनुकरण आहे. माणसांच्या, काही करणाऱ्या आणि भोगणाऱ्या माणसांच्या कृतीचे. निसर्गाचे नाही. कलेने 'फ्यूसिस'चे अनुकरण करण्याची गोष्ट येते ती त्याच्या 'फिजिक्स'मध्ये, आणि तेथे 'कला' म्हणजे वैद्याची, घर बांधणाऱ्याची कला. म्हणजे कौशल्य, कारागिरी. 'फ्यूसिस' (ज्याचे लॅटिन भाषांतर 'नातूरा') म्हणजे वस्तूला आतून वाढवणारे, तिच्या पूर्णत्वाकडे नेणारे तत्त्व. बीज जसे टप्प्याटप्प्याने झाडाकडे जाते तसेच बांधणारा पायापासून छपराकडे जातो, एवढाच त्या तुलनेचा अर्थ. यातून देखाव्याचे चित्र काढण्याचा सिद्धांत कसा निघाला? 'कला', 'निसर्ग' आणि 'अनुकरण' या तीन मराठी शब्दांच्या आजच्या अर्थांची बेरीज करून.

दुसरे टोक झोलाचे. 'नॅचरॅलिझम'ला आपण 'निसर्गवाद' म्हणतो. मी दरवर्षी निसर्गवादी कादंबरीचे उदाहरण विचारते आणि दरवर्षी कोणीतरी कोकणच्या पार्श्वभूमीवरची एखादी कादंबरी सांगते. झोलाच्या १८८५च्या 'जर्मिनल'मध्ये कोळशाची खाण आहे, उपासमार आहे, संप आहे. नाव अंकुरण्याशी नाते सांगणारे असले तरी मन रमवावे असा निसर्ग त्यात सापडणे कठीण. त्याचा 'नॅचरॅलिस्ट' हा मुळात प्रयोगशाळेतला, जीवशास्त्रज्ञाच्या जातीचा निरीक्षक. १८८०च्या 'प्रायोगिक कादंबरी'वरील निबंधात त्याने आदर्श म्हणून कोणा कवीला नव्हे, तर क्लोद बेर्नार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाला पुढे केले. आनुवंशिकता आणि परिस्थिती माणसाला कशी घडवतात हे त्याला दाखवायचे होते. म्हणजे पोपच्या 'नेचर'मध्ये बुद्धीची सुव्यवस्था, झोलाच्या 'नेचर'मध्ये रक्तातून उतरलेला आणि परिस्थितीने पक्का केलेला नियम. दोहोंना आमचा एकच शब्द, आणि त्या शब्दाने दोहोंच्या दारात मोगरा लावला.

पण अनुवादकाची खरी परीक्षा पाहायची तर 'किंग लिअर'कडे जावे लागेल. या एका नाटकासाठी तरी 'नेचर'चा प्रश्न कळीचा आहे. जॉन डॅन्बी या समीक्षकाने १९४९ साली त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. एडमंड हा ग्लॉस्टरचा विवाहबाह्य संबंधातून झालेला मुलगा. तो रंगमंचावर एकटा येतो आणि 'नेचर'ला आपली देवता म्हणून हाक मारतो. त्याची ही देवता म्हणजे रूढी, कायदा, वारसाहक्क यांना न जुमानणारे जोम आणि वासनेचे बळ. थोड्याच वेळाने लिअर त्याच 'नेचर'ला देवता म्हणून साद घालतो आणि गॉनरिलला वांझ राहण्याचा शाप देतो. त्याची देवता म्हणजे पित्याचा मान राखणारी, अपत्यधर्म मोडणाऱ्याला शिक्षा करणारी सृष्टिव्यवस्था. नाव एक, देवता दोन, आणि त्या एकमेकींच्या वैरिणी. मग फसवला गेलेला ग्लॉस्टर याच एडमंडला 'नॅचरल' म्हणून गौरवतो. त्याच्या मनात अर्थ आहे 'पित्यावर खरी माया असणारा, पोटचा'. पण त्या काळी याच शब्दाचा दुसरा अर्थ होता 'लग्नाबाहेर झालेला'. म्हणजे मराठीत ज्याला औरस म्हणावे आणि ज्याला अनौरस म्हणावे, ते दोन्ही एका विशेषणात! ग्लॉस्टर जे बोलतो ते खोटे आहे, आणि ते खरेही आहे. शिवाय 'नॅचरल' म्हणजे जन्मतः मतिमंद, वेडा. वेडाच्या भरात लिअर स्वतःला दैवाच्या हातचे तसे खुळे म्हणवतो. आणि मुली जेव्हा त्याच्या लवाजम्यातला एकेक माणूस कमी करू लागतात, तेव्हा तो सांगतो की, 'नेचर'ला जेवढे लागते तेवढेच माणसाला द्याल, तर माणसाचे जिणे जनावराइतके स्वस्त होईल. येथे 'नेचर' म्हणजे नुसता देह आणि त्याची भूक.

या पाच ठिकाणी पाच वेगळे मराठी शब्द लागतील. आणि पाच वेगळे शब्द घातले की नाटकाच्या पोटातून जाणारा धागा तुटेल, कारण शेक्सपिअर प्रेक्षकाच्या कानावर एकच शब्द पुन्हा पुन्हा आदळवत होता. एकच शब्द ठेवला तर अर्थ जातो, अनेक ठेवले तर नाते जाते. या पेचातून सुटका नाही, आणि ती व्हावी असेही मला वाटत नाही. माझी तक्रार एवढीच की, पेच आहे हे आपण वाचकाला सांगतच नाही.

वर्ड्‌स्वर्थ तरी निसर्गाचा कवी आहे की नाही? आहेच. पण १८००च्या 'लिरिकल बॅलड्‌स'च्या प्रस्तावनेतला तो प्रसिद्ध परिच्छेद पुन्हा वाचा. ग्रामीण जीवन आपण का निवडले याची कारणे तो देतो. आपल्याला माणसाच्या 'नेचर'चे मूलभूत नियम शोधायचे आहेत, असे तो आधी म्हणतो. आणि थोड्याच ओळींनंतर म्हणतो की, गावातल्या माणसांच्या भावना 'नेचर'च्या सुंदर आणि चिरस्थायी रूपांशी एकजीव झालेल्या असतात. आपण पहिल्या ठिकाणी 'मानवी स्वभाव' लिहितो, दुसऱ्या ठिकाणी 'निसर्ग', आणि भाषांतर अगदी निर्दोष होते. फक्त वर्ड्‌स्वर्थचा युक्तिवाद नाहीसा होतो. आतले 'नेचर' आणि बाहेरचे 'नेचर' हे एकाच नावाचे, म्हणून एकाच कुळातले, म्हणून एकाच्या सहवासात दुसरे शुद्ध राहते, ही त्याची श्रद्धा त्या एका शब्दावर उभी आहे. ती श्रद्धा तर्काने टिकते की केवळ शब्दाच्या योगायोगाने, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारायला हवा. पण मराठीत तो प्रश्न निर्माणच होत नाही.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला परिभाषेचा. एका संज्ञेला एक प्रतिशब्द ठरवल्याशिवाय मराठी ज्ञानभाषा कशी होणार? शासकीय परिभाषाकोशांनी तेच तर केले. मला त्या कामाबद्दल आदर आहे. 'नैसर्गिक संख्या' म्हटले की गणितात एक, दोन, तीन. तेथे संदेह नको, आणि नाहीही. विज्ञानाची आणि कचेरीची संज्ञा व्याख्येने बांधलेली असते. समीक्षेतला मोठा शब्द व्याख्येने बांधलेला नसतो, तो वादाने घडलेला असतो. त्याला एका प्रतिशब्दात कोंडणे म्हणजे तो वाद आपण न ऐकताच निकालात काढणे. दुसरा आक्षेप अलीकडच्या तरुण मित्रांचा : सरळ 'नेचर' असेच लिहा ना, कशाला खटाटोप! मीही वर तसेच लिहिले आहे. पण ते शब्द उघडून दाखवण्यासाठी. न उघडता लिहिलेले 'नेचर' वाचणारा मनातल्या मनात 'निसर्ग' असेच वाचतो. देवनागरीत लिहिल्याने शब्द कळला असे होत नाही.

आणि हे सारे केवळ साहित्याच्या तासापुरते असते तरी मी एवढी चिडले नसते. 'अनैसर्गिक' हा शब्द आपण किती सहजपणे वापरतो! भारतीय दंड संहितेच्या १८६० सालच्या कायद्यात कलम ३७७ होते आणि 'नेचर'च्या क्रमाविरुद्धचा शरीरसंबंध त्यात गुन्हा ठरवला होता. नेचरचा हा क्रम कोणता, हे कलमात कोठेही सांगितले नव्हते. दीडशे वर्षांहून अधिक काळ माणसांच्या डोक्यावर टांगलेली ती तलवार एका अव्याख्यात शब्दाच्या दोऱ्यावर होती. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीने होणाऱ्या संबंधांना त्यातून मुक्त केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरलेलेच नाही. पण वर्तमानपत्रांच्या भाषेत, स्टाफरूमच्या कुजबुजीत आणि क्वचित आपल्या समीक्षेतही 'अनैसर्गिक संबंध' हे शब्द जसेच्या तसे आहेत.

जॉन स्टुअर्ट मिलने नेमके याच शब्दावर लिहिले होते. त्याच्या मृत्यूनंतर, १८७४ साली, 'नेचर' नावाचा तो निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे साधे आहे. 'नेचर' म्हणजे जगात जे जे घडते ते सर्व, असे म्हणाल तर त्याच्या विरुद्ध वागणे कोणालाही शक्यच नाही; जे घडले ते नेचरप्रमाणेच घडले. आणि 'नेचर' म्हणजे माणसाच्या हस्तक्षेपाविना जे घडते ते, असे म्हणाल तर नांगर धरणे, पूल बांधणे, छत्री उघडणे हे सर्वच त्याच्या विरुद्ध आहे. दोन्ही अर्थांनी 'नेचरप्रमाणे वागा' हा उपदेश पोकळ ठरतो. तो पोकळ वाटत नाही याचे कारण असे की, बोलणारा एका अर्थाने सुरुवात करतो आणि नकळत दुसऱ्या अर्थावर जाऊन बसतो; 'असते' म्हणता म्हणता 'असावे' म्हणतो. त्याआधी १८६९ साली स्त्रियांच्या पारतंत्र्यावर लिहितानाही मिलने हेच दाखवले होते की, ज्याला लोक स्त्रीचे 'नेचर' म्हणतात ती पुष्कळशी दडपणाने घडवलेली, कृत्रिम वस्तू आहे. मिल वाचून ज्यांची बुद्धी घडली त्या आगरकरांना आपण सुधारक म्हणून पूजतो. आणि तरी 'स्त्रीसुलभ', 'निसर्गतःच हळवी' अशी विशेषणे लेखिकांच्या कथांवरच्या प्रबंधांत आजही बिनदिक्कत येतात, मार्गदर्शकांच्या सहीसकट. 'निसर्गतः' म्हणजे कसे, असा प्रश्न मी एका तोंडी परीक्षेत विचारला होता. उमेदवाराआधी मार्गदर्शकच अस्वस्थ झाले.

असो. यंदा मी एक साधा प्रयोग केला. पोप, जॉन्सन आणि वर्ड्‌स्वर्थ यांचे उतारे, 'लिअर'मधली चार ठिकाणे, असे एकत्र करून मुलांना दिले. 'नेचर' हा शब्द त्यात जेथे जेथे येतो तेथे रिकामी जागा ठेवून मराठी अनुवाद छापला आणि सांगितले, जागा भरा. पण जो शब्द घालाल तो का घातला ते बाजूला लिहा. 'निसर्ग' चालेल, पण कारण हवे. पहिल्या दिवशी सर्वांचे कागद जवळजवळ सारखे होते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत भांडणे सुरू झाली.

शेवटचे ठिकाण 'लिअर'मधल्या त्या प्रसंगाचे होते, जेथे झोपडीत, वेडाच्या भरात, राजा रीगनचे शरीर चिरून पाहायला सांगतो आणि विचारतो की, अशी कठोर हृदये घडवणारे काही कारण 'नेचर'मध्ये आहे का. एका मुलीने रिकाम्या जागी 'स्वभावात' लिहिले; रीगनचा स्वभावच तसा, तिचे म्हणणे. दुसरा म्हणाला, चिरून पाहायला सांगतो आहे, तेव्हा 'देहात', शरीराच्या घडणीत. तिसऱ्याने 'सृष्टीत' घातले : लिअर आता एका मुलीविषयी बोलतच नाही, सारे जगच असे का, हे विचारतो आहे. चौथ्याने जागा कोरी ठेवली होती आणि बाजूला लिहिले होते की, लिअरला स्वतःलाच ठाऊक नाही. घंटा झाली तरी कोणी उठेना. विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर'मध्ये येथे काय केले आहे ते मी मुद्दाम सांगितले नाही. ग्रंथालयात एकच प्रत आहे, आणि सध्या ती जाग्यावर नाही.